मोल्डीची किंमत

अकुरेरी, २ मार्च १९८६

ती. बारदुरमामांस,
सोलवेगचा नमस्कार, आणि स्टाइनवरमामीलाही.

बातमी बसूनच वाचा. मी घोडा घेतेय. त्रेचाळीसाव्या वर्षी, पहिलाच. बेकरीतल्या बायका म्हणाल्या, यापेक्षा लग्न स्वस्त पडलं असतं. पण गेली बारा वर्षं सप्टेंबरात तुम्ही सगळे डोंगरावरून मेंढ्या उतरवता आणि मी खाली उभी राहून मटणाचं सूप वाढते. यंदा मला वर यायचंय.

जमवलेले पंच्याण्णव हजार क्रोना आहेत. घोडा सत्तर, खोगीर पंधरा, लगाम आणि तंग मिळून पाच. उरलेल्या पाचात बूट. हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला, आणि हसायचं असेल तर पत्र मिटून हसा.

तुमची लाडकी (दुसरी भाची नसल्यामुळे),
सोलवेग

ह्वाम, स्कागाफ्योर्दुर, ९ मार्च

चि. सोलवेगला मामाचे आशीर्वाद. सोबत उपदेशही आहे, तो फुकट आहे.

पत्र मिटून हसलो, उघडून पुन्हा हसलो. अगं, तू घोडा घेतेयस की घोड्याचा फोटो? तुझ्या हिशेबात तो खातच नाही. हिवाळ्याचं गवत, वर्षातून चारदा नाल, जंताचं औषध, राहायला जागा, हे धर पंचवीस हजार. डोक्याला टोपही घे. तुझं डोकं टणक आहे, मान्य, पण आमच्या डोंगरातले दगड त्याहून टणक आहेत.

म्हणजे घोड्याला उरले पंचेचाळीस. एवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातला व्यापारी तुला एक म्हातारी घोडी देईल, जी सरळ चालते पण वळत नाही.

आता आठवलं म्हणून सांगतो, माझा मोल्डी आहे. नऊ वर्षांचा, पाय खणखणीत, चाल अशी की पाठीवर बसून कॉफी प्यावी. पंचेचाळीस हजारांत देईन. जुनं खोगीरही घेऊन जा, कोठारात अडगळ झालीय. मला काही विकायची घाई नाही.

मामीने लोकरीचे मोजे पाठवलेत. माया तिचीच जास्त, असं ती म्हणते.
तुझा मामा,
बारदुर

ह्वाम, १० मार्च

प्रिय सोलवेग,
मामा पोस्टात गेलेत तेवढ्यात लिहितेय. वाचून जाळून टाक.

मोल्डीला विकायची घाई नाही, हे खरंच. गेल्या महिन्यात रेक्याविकचा एक माणूस नव्वद हजार रोख घेऊन अंगणात उभा होता. तुझ्या मामांनी त्याला सांगितलं की घोडा चावतो. मोल्डीने आजवर गवताशिवाय कशाला दात लावलेला नाही. माणूस गेल्यावर हे मला म्हणाले, त्याचे हात बघितलेस का, लगाम ओढून ओढून तोंड फाडलं असतं त्याने.

खरं असं की, गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून यांना घोड्यावर चढता येत नाही. कोणाला सांगत नाहीत. रोज कुंपणापाशी जाऊन त्या मुक्या जनावराला शिव्या देतात, की सुटलायस, आळशी झालायस. मग घरात येऊन जेवत नाहीत. तो घोडा त्यांना डोळ्यांसमोरच हवाय, आणि द्यायचा तर फक्त तुला. तेवढं तोंडाने म्हणायचं कसं, ते त्यांना जमत नाहीये.

तू ठरव. मी काही लिहिलेलं नाही.
स्टाइनवरमामी

अकुरेरी, १८ मार्च

ती. मामांस,
नमस्कार, आणि उपदेशाबद्दल आभार.

मोल्डीचं ऐकून बरं वाटलं, पण जरा अडचण झालीय. हुसाविकचे एक मास्तर आहेत, ते त्यांचा घोडा चाळीस हजारांत देतायत, वर नवंकोरं खोगीर. बेकरीत सगळ्यांचं मत मास्तरांकडे झुकलंय. तुम्हाला काय वाटतं?

राग नसावा, असला तर लवकर कळवावा.
सोलवेग

ह्वाम, २१ मार्च

चि. सोलवेग,
आशीर्वाद आहेत, पण घाईत आहेत.

मास्तराच्या घोड्यावर कधी बसू नये. दिवसभर वर्गात ओरडून आलेला माणूस संध्याकाळी घोड्यावरही ओरडतो, आणि घोडा बहिरा होतो. मोल्डी पस्तीस हजारांना. खोगिराला नवा तंग आणि नव्या रिकिबी मी माझ्या खर्चाने लावतो. याहून खाली जायला मला लाज वाटेल. तीसला लाज वाटूनही देईन.

उलटटपाली कळव.
बारदुर

अकुरेरी, २ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार. मास्तर नाहीत. हुसाविकला मी कोणाला ओळखतही नाही. तुम्ही कुठवर उतरता तेवढं बघायचं होतं. मीच थांबवलं, नाहीतर पुढच्या पत्रात तुम्ही गायही दिली असती.

सोबत चेक आहे. मोल्डीचे सत्तर, खोगिराचे पाच आणि पंधरा हजार वर्षभराच्या गवताचे आणि जागेचे. घोडा माझा, पण राहील तुमच्याकडेच. इथे मी त्याला ठेवू कुठे, बेकरीत? दर शनिवारी बसने येईन, तुम्ही शिकवाल. टोप आणि बूट उरलेल्यातून घेतले. टोप घालून मी अंड्यासारखी दिसते.

मालकीण म्हणून एकच हुकूम आहे. सोमवार ते शुक्रवार घोड्याला रोज फिरवलं पाहिजे. कोणी फिरवायचा, कसं चढायचं, हे तुमचं तुम्ही बघा. चेक परत केलात तर मास्तर शोधायला मी खरंच हुसाविकला जाईन.

तुमची भाची,
सोलवेग

ह्वाम, ११ एप्रिल

चि. सोलवेगला आशीर्वाद. मालकिणीला सलाम.

चेक बघून तुझ्या मामीवर संशय आला. विचारलं, तर ती शपथेवर नाही म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, दिवसातून तिसऱ्यांदा. चेक तीन दिवस टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी तिनेच तो बँकेत नेऊन भरला.

काल हुकूम पाळला. अंगणात गवताची गाडी आडवी लावली, तिच्यावर चढलो आणि तिथून मोल्डीवर. एकदा चुकलो, ते सांगत नाही. मोल्डी जागचा हलला नाही. पाय नीट रिकिबीत जाईपर्यंत त्याने साधी मानही फिरवली नाही. मग नदीपर्यंत गेलो. तुझी मामी पूर्ण वाट मागून चालत आली. विचारलं तर म्हणाली, अंडी शोधतेय. नदीच्या काठी.

सप्टेंबरात तू डोंगरावर येशील, हे मी गावात सांगून टाकलंय. मागे फिरायची सोय ठेवलेली नाही.

परत आल्यावर मात्र उतरता येईना. गाडी मामीने माझ्यामागे निघण्याआधीच हलवली होती. कॉफी वरच प्यालो, दुसरा कपही वरच मागवला. ती म्हणाली, शेजाऱ्यांना बोलावते, खाली उतरा. मी म्हटलं, माझा थोडाच आहे घोडा? मालकीण शनिवारी यायचीय, तिला विचारून उतरेन.

लवकर ये. वरून दरी छान दिसते.
तुझा मामा,
बारदुर