चाक कशावर फिरतं

सोमवार, ४ तारीख

नवं गाव, नवी नोकरी, नवं भाड्याचं घर, आणि आजपासून दारात गाडी. एवढ्या नव्यांत तीच काय ती जुनी. एक लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर धावलेली, खाली बसकी, मागे दोन सायलेन्सर. शहाणी माणसं अशी गाडी घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण हॉस्पिटल टेकडीपलीकडे. तो चढ आमच्या आधीच्या डबड्याला एका दमात जमलाच नसता. ही मात्र पाय दाबला की पाठीत धपका घालते. आईने तर पहिल्याच फेरीत हात वर करून आरोळी ठोकली. पासष्ट वर्षांची बाई! चौतीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवली, अजून दोन मजले न थांबता चढते आणि वर पोचल्यावर मलाच म्हणते, म्हातारे, ये लवकर.

घेण्याआधी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी मला टर्बो समजावून सांगितला. इंजिन जळलेला वायू बाहेर टाकतं, तो फुकट न घालवता त्याच्यावर एक चाक फिरवायचं, आणि त्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. म्हणजे टाकलेल्या श्वासावर फिरणारं चाक. एवढ्या धावलेल्या गाडीत पहिला दगा देतो तो टर्बोच. तेव्हा पाइप काढून बोटाने चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, हलवून बघू, तो किती डुगडुगतो ते कळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्ध्या दिवसाचं काम.

मी नको म्हटलं. माझा धंदाच कानांचा. माणसाला बंद खोलीत बसवून त्याला काय ऐकू येतं, काय येत नाही, हे दिवसभर तपासायचं. टर्बोची शिट्टी मी ऐकली होती; स्वच्छ, एकसुरी, कुठे खरखर नाही. आवाजावरून सांगते, चाक ठणठणीत आहे, असं मी छाती काढून सांगितलं. उस्ताद हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, कान तुमचे चांगले असतील. पण मी बोटावर भरवसा ठेवतो."

विकणारे गृहस्थ निवृत्त भूमापक. किल्ली देताना गाडीकडे एकदासुद्धा पाहिलं नाही त्यांनी. जीव अडकला असेल बिचाऱ्यांचा.

शुक्रवार, ८ तारीख

हॉस्पिटलात रुळले. इंजिन बंद केल्यावरही टर्बोचं चाक आपल्या वेगाने थोडं फिरत राहतं. तो उतरत जाणारा सूर ऐकायला मला आवडतो. आज सवयीने घड्याळ लावलं. चार सेकंद. ठीकच आहे.

आई नव्या शेजारपाजाऱ्यांत माझ्याआधी मिसळली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना सकाळी व्यायामाला जुंपलंय. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, पण दम लागल्यामुळे ती पुरी करता आली नाही.

गुरुवार, १४ तारीख

आज बावीस सेकंद.

बेअरिंग मोकळं असलं की चाक जास्त फिरत असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. वर गेले तर आई जिन्यात कठड्याला धरून उभी. काही नाही गं, वय झालं, म्हणाली. आईच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. जेवताना मला तेच आठवत राहिलं.

मंगळवार, १९ तारीख

तीन मिनिटं दहा सेकंद. किल्ली माझ्या हातात, इंजिन गार पडायला लागलेलं, आणि आत चाक फिरतंय.

आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतला. दुपारी खोलीत बसून स्वतःचीच तपासणी करून घेतली. कान लख्ख. आईलाही छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फुफ्फुसं तरण्या मुलीसारखी आहेत, म्हणाले. श्वास आत व्यवस्थित जातो. बाहेर टाकताना मात्र काहीतरी जड ढकलावं लागतं, असं आईचं म्हणणं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. मी इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, २२ तारीख

सकाळी गाडीत बसले तर शिट्टी चालूच. किल्ली लावायच्या आधी. म्हणजे काल संध्याकाळपासून.

तशीच उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन बंद केलं, पाइप काढला आणि नुसते बघत राहिले. चाक फिरत होतं. संथ, एका लयीत. मध्ये किंचित थांबल्यासारखं, मग पुन्हा. तीस वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाले. मग जाड हातमोजा चढवून त्यांनी बोटाने चाक धरलं. थांबलं. अर्धं मिनिट धरलं असेल. मला घड्याळ बघायची खोड. अकरा वाजून वीस. त्यांनी बोट काढलं, चाक पुन्हा फिरायला लागलं.

अकरा पंचवीसला घरमालकीणबाईंचा फोन. बोलता बोलता आई पडली. छाती फुगलेली, तोंड उघडं, श्वास बाहेरच येईना. ओठ काळेनिळे. मग एकदम सुटला.

मी विचारलं, किती वाजता. त्या चिडल्या, घड्याळ बघत बसू का म्हणाल्या. पण रेडिओवर नुकत्याच सव्वाअकराच्या पाच मिनिटांच्या बातम्या संपल्या होत्या.

शनिवार, २३ तारीख

योगायोग असेल. असू दे, देवा.

भूमापकांना फोन लावला. मी चाकाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरात तुमच्या कोण असतं?" मी म्हटलं, आई. "माझ्याकडे बायको होती," म्हणाले, आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

मी उस्तादांना बोट लावून बघू दिलं असतं तर ही गाडी दारात आलीच नसती. ही चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. कानांचा तोरा मिरवला आणि भरतेय कोण, तर आई.

सोमवार, २५ तारीख

एक कळलं. इंजिन चालू ठेवलं की आईला बरं वाटतं. चाकाला इंजिनाचा वायू मिळतो, आईचा लागत नाही. बंद केलं की ते तिच्या श्वासावर फिरतं. म्हणून इंजिन चालू ठेवलंय. कालपासून. घरमालकीणबाई ओरडून गेल्या. पेट्रोलचे डबे आणून ठेवलेत.

आईला काही सांगितलं नाही. ती खिडकीतून म्हणाली, अगं, बंद कर ती, डोकं उठलं. मी म्हटलं, बॅटरी चार्ज करतेय. आईशी एवढं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते.

बुधवार, २७ तारीख

खरखर सुरू झाली. आज पहाटेपासून. शाफ्ट जातोय. उस्ताद म्हणाले असा शाफ्ट आठ दिवसही टिकेल, आठ तासही. आणि अडकला की अडकला.

अडकला तर तिचा श्वास —

आईला माझ्याच हॉस्पिटलात दाखल केलं. गाडी वॉर्डच्या खिडकीखाली. इंजिन चालू. झोप नाही. डोळा लागला तर पेट्रोल संपेल.

आईच्या छातीतही खरखर. तोच सूर. मला फरक ओळखता येत नाही. माझ्यासारखीला.

गुरुवार, २८ तारीख, सकाळ

अडकला. एकदाच, मिनिटभर. वर धावाधाव. आईला यंत्रावर घेतलं. आता यंत्र तिचा श्वास आत भरतंय, बाहेर खेचतंय. उद्यापर्यंत काढणार नाहीत.

म्हणजे आत्ताच. यंत्र आहे तोवर. चाक काढायचं, नवा टर्बो घालायचा. उस्ताद अवजारं घेऊन निघालेत.

फोनवर त्यांना विचारलं, यात काही खरं आहे असं वाटतं का तुम्हाला. म्हणाले, वाटायचं काय त्यात, मी बोट लावलंय.

दुपार

इंजिन बंद केलं. चाक फिरत राहिलं. गार व्हायला तासभर थांबलो. मग उस्तादांनी बोटाने धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट सोडवले. वर यंत्र चालू. नर्सबाईंना दर दोन मिनिटांनी फोन. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.

सुटला. टर्बो बाहेर आला. चाक थांबलेलं.

वर ठीक आहे.

थोड्या वेळाने

बाकावर बसून लिहितेय. हात कशात तरी गुंतायला हवेत. जुना टर्बो फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. उस्ताद नवा बसवतायत.

नर्सबाईंचा फोन. आईने स्वतःच नळी ओढली. स्वतः श्वास घेतेय. बाहेर टाकतेय, मोकळा. पहिलं वाक्य, माझी मुलगी जेवली का.

रडले. उस्तादांनी तोंड फिरवलं.

फडकं हललं.

वारा असेल.

नाही. उलगडलं. ना पाइप, ना इंजिन, नुसतं लोखंड मांडीवर. आणि चाक — एकदा फिरलं. थांबलं.

आईला फोन केला. बोलली. ठणठणीत. मला म्हणाली, धापा का टाकतेस.

उस्ताद मागे सरकलेत. खाली ठेवा म्हणतायत. ठेवलं. दहा पावलं लांब आले. ऐकू येतंय.

श्वास सोडला की फिरतं. माझा. जड — ढकलावा लागतो —

धरून ठेवला तर थांबतं. बघितलं. थांबतं.

म्हणून धरून