घरात राहणारी माणसं चार

सोमवार, ३

नोटीस लागली! खाली जिन्यापाशी, मीटरच्या खोक्यावर. या महिन्यात कधीही पाहणी होणार. अर्जात लिहिलेली सगळी माणसं घरात खरंच राहतात की नाही ते बघणार. राहत असतील तर घर पक्कं, भाड्यातली सरकारी मदत कायम. राहत नसतील तर "पुढील कार्यवाही".

आमच्या अर्जात माणसं चार. घरात तीन.

मी वाचत उभी. वॉचमनभाऊ खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "वहिनी, कितीदाही वाचा, तेच लिहिलंय." हसले मी. पण जिना कठडा धरूनच चढले.

मंगळवार, ४

बोलायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते. चिमीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी. आठ वर्षांच्या पोरीच्या वहीत आईने लपून लिहायचं, असे दिवस आलेत.

अर्ज त्याने केला होता. कमी मिळकतीच्या लोकांना मदतीवर घरं मिळतात असं कुणीतरी त्याला सांगितलं म्हणून. मी, तो, त्याची आई आणि आमची चिमी. फॉर्म भरला आणि विसरून गेला. तो सगळंच विसरायचा. माझ्यावर कशाकशासाठी रागवायचं तेवढं सोडून. घर मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा तो बाहेर होता, पत्र माझ्या हातात पडलं. त्याच आठवड्यात त्याने माझं डावं मनगट मोडलं होतं. मी पत्र पिशवीच्या तळाशी घातलं आणि गप्प बसले. तो कामासाठी परगावी गेला त्या दुपारी आम्ही निघालो.

सासूबाईंना मी चला म्हटलंच नव्हतं. कुठल्या तोंडाने म्हणणार? मुलगा त्यांचा! मी एका हाताने चिमीचे कपडे भरत होते, तर येऊन म्हणाल्या, "माझा गोळ्यांचा डबा वर ठेव हं, खाली गेला की सापडत नाही." एवढंच. त्यावर आजवर दोघींनी एक शब्द काढलेला नाही.

किल्ली घेताना ऑफिसात विचारलं होतं, नवरा कुठे आहे? मी म्हटलं, कामावर. तेव्हा ते एवढंसं खोटं वाटलं होतं.

त्याला हे घर माहीत नाही. मिळालंय हेसुद्धा माहीत नाही. शहराचं हे टोक त्याच्या वाटेवरही नाही. तिकडून मी निर्धास्त आहे. भीती आहे ती या पाहणीची. घर गेलं तर जायचं कुठे? परत तिथेच!

गुरुवार, ६

वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू सांगत होत्या, मागच्या इमारतीत एका म्हातारीचं घर काढून घेतलं. मुलगा वेगळा राहायला गेला होता, तिने कळवलं नाही. "अगं, गाद्यासुद्धा रस्त्यावर!" काकू राईचा पर्वत करतात हे मला ठाऊक आहे. तरी दिवसभर त्या गाद्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ऑफिसात जाऊन सरळ विचारावं? नवरा सोबत नसला तर काय होतं म्हणून? बस स्टॉपपर्यंत गेले आणि परत फिरले. विचारलं की नाव सांगावं लागणार. नाव सांगितलं की फाईल निघणार. फाईल निघाली की मी चोर.

शुक्रवार, ७

ठरलं. नवरा आणायचा.

शनिवार, ८

नवरा म्हणजे त्याचं सामान. माणूस कोण बघतो, माणूस कामावर असतो!

मी कामाला जाते त्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे एक दांडा आहे. लोक कपडे टाकून जातात आणि फिरकतच नाहीत, ते त्यावर. मालकांना म्हटलं, तीन शर्ट घरी नेऊ का, आणून देते. त्यांनी मान वर न करता "ने" म्हटलं. कशाला, ते विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते वायाच गेलं.

वॉचमनभाऊंनी त्यांचे जुने बूट दिले. त्यांनीही काही विचारलं नाही. आता वाटतं, सगळ्या इमारतीला ठाऊक आहे की काय!

दाढीचा ब्रश, वस्तरा, चौथा टूथब्रश विकत आणले. टूथब्रश नवाकोरा दिसत होता म्हणून त्याने मोरी घासली.

सासूबाईंनी शर्ट उलगडून एकावर एक धरले. एक लहान, एक मध्यम, आणि तिसऱ्यात आम्ही तिघी मावलो असतो. म्हणाल्या, "एक नवरा झेपला नाही म्हणून पळालीस, आणि आता तीन घेऊन आलीस!" किती दिवसांनी हसलो. चिमी पण हसली. हसता हसता माझ्या लक्षात आलं, कॉलरच्या आत लॉन्ड्रीचे नंबर आहेत. धुतले, घासले, पण ती शाई जाते थोडीच! जाऊ नये म्हणूनच तर लावतो आम्ही.

सोमवार, १०

चिमीला शिकवलं. कुणी विचारलं तर काय म्हणायचं? "बाबा कामावर गेलेत. संध्याकाळी येतात." एका दमात म्हणाली, शाळेतल्या कवितेसारखं. मी शाबास म्हटलं.

थोड्या वेळाने बघते तर दारातल्या सगळ्यांच्या चपला भिंतीला लावून एका रेषेत ठेवतेय. आधीच्या घरी त्याची यायची वेळ झाली की ती असंच करायची. चप्पल वाकडी दिसली तरी त्याचं डोकं फिरायचं.

जवळ घेतलं. सांगितलं, अगं ते खोटं खोटं आहे. बाबा नाही येणार.

"मग खोटं खोटं कधी येणार?"

जेवली नाही पोर. हे मी काय करून ठेवतेय असं वाटतं. पण घर गेलं तर तिला घेऊन जाऊ कुठे!

मंगळवार, ११

पाहणीवाले आले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की इकडे मी दाराला कान लावते.

बुधवार, १२

शर्ट रोज भिजवायचा, रोज वाळत घालायचा. लग्नाच्या नवऱ्याचे एवढ्या काळजीने धुतले नव्हते.

शुक्रवार, १४

आल्या!

मी कामावर निघतच होते. दार उघडलं तर एक ठेंगणी बाई, खांद्याला ही एवढी पिशवी, चढून चढून धाप लागलेली. "पाहणी," म्हणाल्या, आणि आधी पाणी मागितलं.

मी घाबरले की जास्त बोलते. आजही बोलले. ते पहाटेच जातात, ओव्हरटाइम असतो, मालक सोडत नाही. बाई नुसत्या हं हं करत होत्या. मोरीत डोकावल्या, टूथब्रश बघितले. दारातले बूट बघितले. मग खिडकीत गेल्या. शर्ट वाळत होते, एकाऐवजी तिन्ही! घाईत मीच तिन्ही घातले होते. कपाळमोक्ष!

"हा कुणाचा?"

"ह्यांचा."

"आणि हा?"

"ह्यांचाच."

बाईंनी मोठा शर्ट चिमटीत धरला, मग लहान. "बरेच बारीक झाले."

"आजारी होते," मी म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई सुरू झाल्या. मला वाटलं होतं त्या नुसत्या मान हलवतील. पण त्या बोलतच गेल्या. तो आला की आधी हात धुतो. चहा कडक लागतो त्याला. चिमीला मांडीवर घेऊन बसतो, तिचं वाचन घेतो, मला म्हणतो आई तू दमलीस, पड जरा. मी बघतच राहिले. असा माणूस मला भेटलेलाच नाही.

बाईंनी चिमीला काही विचारलं नाही. तिला म्हणाल्या, "बाळ, खाली वॉचमनकाकांकडे माझी छत्री राहिलीय, आणतेस?" ती गेली. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पाण्याचा पेला मी उजव्या हाताने देते आणि डावा पदराआड धरते, सवयच झालीय. मनगट वाकडं बसलंय ते लपत नाही.

आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "बाई एकटी असेल तर तिच्यासाठी वेगळा फॉर्म असतो. आहे माझ्या पिशवीत. त्याने घर जात नाही. अर्ज फक्त तिच्या एकटीच्या नावावर होतो. काही सांगायचंय का तुम्हाला?"

सापळा आहे, मला वाटलं. हो म्हणायला लावतील आणि मग फसवलंत म्हणून लिहितील. काकूंच्या त्या गाद्या दिसायला लागल्या. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाई पण बघत होत्या. पिशवीच्या चेनवर त्यांचा हात होता.

मी म्हटलं, "नाही. ते संध्याकाळी येतात."

बाईंनी चेनवरचा हात काढला. मग कागदावर लिहिलं — राहणारी माणसं चार — आणि माझी सही घेतली. चिमी वर आली ती रिकाम्या हाताने. छत्री नव्हतीच.

शनिवार, १५

झोप नाही. ती छत्री नव्हती म्हणजे बाई खरंच बोलत होत्या का? का तोही डावच?

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "सांगून टाकायला हवं होतंस."

मला रागच आला. "मग तुम्ही का नाही सांगितलंत? तुम्ही तर त्याचे गोडवे गात होतात!"

त्या भाजी निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "माझं पोर आहे गं ते. त्याने काय केलं ते माझ्या तोंडून कसं निघणार? आणि बोलता बोलता मला खरंच वाटलं, तो येईल, हात धुईल, नीट बोलेल." मग डोळ्यांना पदर लावला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा रडल्या. मी निवडायला बसले त्यांच्याबरोबर. दुसरं काय करणार.

मंगळवार, १८

काही निरोप नाही. लॉन्ड्रीत एका साहेबांची पँट जाळली. मालक म्हणाले, लक्ष कुठे आहे? कुठे असणार!

शुक्रवार, २१

नाही. काकू म्हणतात, उशीर होतोय म्हणजे काहीतरी खुसपट निघालंय. या बाईच्या जिभेला काही हाड?

सोमवार, २४

घर पक्कं झालं!!

खाली यादी लागली. आमच्या खोलीचा नंबर, पुढे "कायम". वॉचमनभाऊच वर धावत आले सांगायला. मी चिमीला उचलून गोल फिरवली, मनगटातून कळ गेली तरी फिरवली. सासूबाई म्हणाल्या, "उचला मला पण कोणीतरी, मी पण फिरते."

आजवर भिंतीला एक खिळा मारला नव्हता. उगाच परक्या घराला भोकं कशाला? आज काकूंकडून हातोडी आणली. चिमीने ठोकला पहिला खिळा. वाकडाच ठोकला. असू दे. तिने शाळेत काढलेलं चित्र लावलं त्यावर. जमिनीवर पाय सोडून भिंतीकडे बघत बसलो तिघी.

शर्ट इस्त्री करून दांड्यावर परत ठेवले. बूट पण देऊन टाकले. नवरा गेला एकदाचा! छाती इतकी हलकी झालीय की भूक लागते सारखी.

बुधवार, २६

पक्क्या घराचं पत्र आणायला ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "मेसेज दाखवा."

कसला मेसेज?

"घर कायम झाल्याचा. या महिन्यापासून सगळं मोबाईलवर कळवतो आम्ही. इमारत, मजला, खोली नंबर, सगळं असतं त्यात. शुक्रवारीच गेलाय. अर्जदाराला." आणि तो नंबर वाचायला लागला. चार आकडे त्याने वाचले. पुढचे मला पाठ होते.

नंबर बदलता येईल का? "येईल की. अर्जदाराला घेऊन या, सही लागते त्यांची. घरीच असतात ना?"

कशी परत आले आठवत नाही. चिमीला वर्गातून उठवून आणलं. सासूबाईंना सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. त्यांनी ऐकलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, कपाटाला एका बाजूने खांदा लावला आणि म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? धर तिकडून. दाराशी घे."