पाटील_धुळे_२

४ मे
पारोळ्यात ऊन असं की दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसतो. धुळ्याच्या पाटलांचं लग्न एडिटला घेतलं. नवरी यावलकडची, ज्योती. हळदीत इतकी हसलीय की एकही शॉट टाकवत नाही. शूटिंग ह्यांचं, पुढची सगळी उस्तवार माझी. फाइलला नाव नेहमीसारखं नवऱ्याकडचं: पाटील_धुळे. नवरीचं नाव कोण देतं!

६ मे
नवरदेवाच्या कॉलरचा माईक ह्यांनी काढलाच नाही. वेंधळेपणा नुसता. विधी संपल्यावरचंही सगळं रेकॉर्ड झालंय. आवाज साफ करताना त्याच्या मोठ्या भावाचं बोलणं आलं, "पहिलीनं नाव काढू नको. विहीरमा पडनी, बस. हाई पोरले काही सांगानं नही."
मग नवरदेव, हळूच: "पडनी नही, भाऊ."
पुढे नुसता बँड.
म्हणजे ह्याची आधी एक बायको होती, विहिरीत गेलेली. आणि ती पडली नाही, असं हा स्वतःच म्हणतोय. परत ऐकलं.

७ मे
ह्यांना ऐकवलं. "आपलं काम शूटिंगचं. लोकांच्या घरात नाक नको. काढून टाक ते." संताप आला. लग्नातून काढलं, पण तेवढा तुकडा एन्कोडला लावला, म्हणजे त्याची वेगळी फाइल होईल. ज्योतीच्या वडिलांना, आबांना ऐकवीन. कसं सांगायचं ते सुचू दे आधी. संध्याकाळी मोठा भाऊ लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन गेला. फार गोड बोलला.

९ मे
तुकडा कॉम्प्युटरवर सापडेना. शेवटी सॉफ्टवेअर उघडून बघितलं. फाइल कुठे टाकायची ते मी बदललंच नव्हतं! लग्न थेट पेनड्राइव्हवर काढलेलं, तुकडाही तिथेच गेला. नाव तेच, म्हणून सॉफ्टवेअरने आपणहून पुढे २ लावला. कोणीही दुसरा भागच समजणार. देवा, तो कोणी लावून बघू नका रे.

१० मे
मोठ्याचा फोन. "ताई, दुसरा भाग बठ्ठास्नी दखा. नवरीबी तठेच बसेल व्हती."
म्हणजे सगळ्यांनी बघितला, ज्योतीसकट.
"उद्या कार्ड लेवाले येस. आखो कोठे कॉपी शे का?"
कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड हवंय त्याला. आणखी कॉपी नाही, म्हणाले मी. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, इतका शांत होता. ज्योतीचा फोन बंद.

११ मे
सकाळी आबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काल जावई म्हणे, झोपलीय. आज तो पण उचलत नाही." मुलाला घेऊन लगेच धुळ्याला निघाले.
कार्डावरून तुकडा परत काढला. कुठे टाकायचा ते ह्या वेळी बोट ठेवून वाचलं. नाव टाकलं: ज्योती. आबांना पाठवला. अजून उघडलेला नाही. ह्यांनी कार्ड काउंटरवर काढून ठेवलंय, "देऊन मोकळी हो. आपल्यालाही लेकरं आहेत."

दुपार. गाडी आली. मोठा एकटाच उतरला. मागच्या काचेआड ज्योती. आबा तिला शोधायला धुळ्याकडे, आणि ही इथे. हात हलवत नाही, नुसती माझ्याकडे बघतेय. मोठा म्हणतो, "ताई, कार्ड."
हे म्हणतायत, दे. फार भीती वाटतेय. मी वही मिटून बाहेर चाललेय, गाडीच्या मागच्या दाराशी, आधी ज्योतीला उतरवायला. कार्ड माझ्या मुठीत आहे.