उत्तर माहीत नसलेला प्रश्न

प्रिय अमरनाथ,

तुझी सनद काढून घ्यावी असा अर्ज जाणार आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल. कोर्टाच्या आवारात अशा गोष्टी अर्ज लिहून होण्याआधीच पोचतात. तो अर्ज गेलेला नाही आणि जाणारही नाही. तो माझ्या सहीने जाणार होता, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकते. आधी एवढं वाचून घे, मग बाकीचं सावकाश वाच. मला पत्रांची सवय नाही. मी गाड्यांच्या दिव्यांचे चाचणी-अहवाल लिहिते आणि त्यात निष्कर्ष पहिल्या पानावर असतो.

इकडे चाकणला सगळं नेहमीसारखं आहे. टीव्हीवरची ती वकील शर्वरीची मालिका अजून चालू आहे आणि मी अजून बघते. या आठवड्यात वकीलबाई नर्सच्या वेषात दवाखान्यात शिरल्या, रक्ततपासणीचा अहवाल पळवला आणि न्यायाधीशांच्या गाडीत ठेवून आल्या. मी सवयीने फोनकडे पाहिलं. पूर्वी भाग संपला की तुझा फोन यायचा आणि तू 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू करायचास, "गेली सनद." मग एकेक मोजायचास. साक्षीदाराला पढवलं, गेली. समोरच्या वकिलाचं बोलणं चोरून टेप केलं, परत गेली. लग्नात न्यायाधीशांना बाजूला घेऊन केसबद्दल बोलली, आता तर जेलातच गेली. मी तिची बाजू घ्यायचे. म्हणायचे, ती खऱ्यासाठी करते ना सगळं. त्यावर तू एकदा म्हणालास, "वैष्णवी, खरी बाजू कुठली ते तिला लेखक सांगतो. आम्हाला कोणी सांगत नाही." मी तेव्हा तू जेवलास का ते विचारलं. हरले की मी विषय बदलते, हे तुला माहीत आहे.

पण तुलाही ती आवडायची, हे मी विसरलेले नाही. घाटनांदूरचं घरचं दुकान सोडून तू वकिली करायला आलास, वर्षभर ज्येष्ठांच्या फाइली उचलल्यास, आणि तरी ती कोर्टात उभी राहिली की तू म्हणायचास, "एक मात्र हाय. बाई पक्षकाराला अर्ध्यात सोडत न्हाई." मनापासून बोलताना तुझं घरचं बोलणं असं वर येतं. तिचं ते गाजलेलं वाक्यही तुला पटायचं: ज्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, तो मी साक्षीदाराला विचारत नाही. तू म्हणाला होतास, हे आम्हालाही शिकवतात आणि ते बरोबरच आहे. बाईचं चुकतं ते उत्तर मिळवण्यात. कुणाचं कपाट फोडून मिळवलेलं उत्तर घेऊन ती प्रश्न विचारायला उभी राहते.

माझे अण्णा गेले तो दिवस तुला सांगायची गरज नाही, पण क्रमाने लिहिलं नाही तर मला पुढे जाता येत नाही. पाटोद्याच्या बाजारातून ते दिवेलागणीला मोटारसायकलवर परतत होते. मागून कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो आला. तो चालवणारा चकलांब्याचा सुरज पळून गेला नाही. त्यानेच अण्णांना उचलून दवाखान्यात आणलं आणि तिथेच लोकांनी त्याला मारलं. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "मागं लाईट न्हवता, सायेब. दिसलंच न्हाई." अण्णांचे भाऊ, हनुमानकाका, गावभर सांगत होते की तो पिऊन होता. तपासणीत तसं काही निघालं नाही, पण तोवर ते सगळ्यांना पाठ झालं होतं. सरपंच सुंदररावांना, म्हणजे अण्णांना, मारणाऱ्याचं वकीलपत्र तालुक्यात कोणी घेईना. सुरजची आई सुंदरबाई एकेका वकिलाच्या टेबलापुढे उभी राहायची आणि जो तो म्हणायचा, दुसरीकडे बघा.

मग तुझा फोन आला. मालिकेची वेळ नव्हती. तू म्हणालास की वकीलपत्र तू घेतो आहेस. मी विचारलं, दुसरं कोणी नाही का. तू म्हणालास, "न्हाई. असतं तर मी घेतलं नसतं." आणि मग, की मी सरकार पक्षाची साक्षीदार आहे, म्हणून केसचं सगळं संपेपर्यंत आपण बोलायचं नाही, भेटायचं नाही, निरोपही पाठवायचा नाही. मी 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवला. ठीक काहीच नव्हतं. माझे वडील गेले होते, आणि ज्या माणसाशी त्याबद्दल बोलायचं होतं त्यानेच दार लावून घेतलं होतं.

मी तुला दोष दिला. किती दिला ते लिहिणार नाही. तेव्हा मालिकेत शर्वरीच्या प्रियकराच्या घरचीच केस आली होती. तिने समोरच्याचं वकीलपत्र घेतलं, आणि रोज संध्याकाळी त्या प्रियकराला देवळामागे भेटून त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेत राहिली. ऑफिसातल्या मुली म्हणत होत्या, काय प्रेम आहे. मलाही वाटलं होतं की तू असं एकदा तरी भेटावंस, नियम मोडून. अण्णांच्या वर्षश्राद्धाला तालुक्याचे सगळे वकील जेवून गेले, तू आला नाहीस. एकदा कोर्टाच्या जिन्यावर समोरासमोर आलो, तर तू बाजूला सरकून भिंतीवरचा फलक वाचायला लागलास. तो फलक फक्त थुंकू नये असं सांगणारा होता.

साक्षीच्या आधी राधाकिशन वकील घरी आले. अण्णांचे जुने मित्र, आमच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करत होते. अण्णा गेले तेव्हा लहान मुलासारखे रडले होते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, शर्वरी म्याडम बघतीस का न्हाई? साक्षीदार कसा खटाखट बोलतो तिथं. तसं बोलायचं. समोरचा वकील लाईटचं काढणार. तो इचारील, लाईट बंद होता हे खरं हाय का. तू म्हणायचं, खोटं हाय, चालू होता. तू इंजिनिअर हायस, तुझ्या बोलण्याला वजन हाय." मी म्हणाले, "काका, पण चालू नव्हता." ते म्हणाले, "तुला आत्ता कोणी इचारलं का? मग सांगतीस कावून?" हनुमानकाका हसले. आई आतल्या खोलीच्या दारात उभी होती, ती वळून आत गेली. राधाकिशनकाकांना वाटत होतं की ते मला खोटं शिकवत नाहीत, मुलीचं कर्तव्य शिकवताहेत.

मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही, पण आपणहूनही काही सांगायचं नाही. सरकारी वकिलांनी अण्णांची मोटारसायकल ओळखायला सांगितली, मी ओळखली. मग तू उठलास. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, पण कोटाची बाही उसवलेली दिसली. तू मला 'आपण' म्हणालास. आपण काय काम करता. मी सांगितलं. त्या आठवड्यात आपण रजेवर घरी होता, तेव्हा ती गाडी चालवली होती का. मी म्हणाले, हो. मी 'बंद होता हे खरं आहे का' या प्रश्नाची वाट पाहत होते. तो आला असता तर काय म्हणाले असते, मला आजही सांगता येत नाही. तू हातातला कागद टेबलावर ठेवलास. मग तू इतकंच विचारलंस, "मागचा दिवा लागत होता?"

अमरनाथ, तुला उत्तर माहीत नव्हतं. मी तुला ते कधीच सांगितलं नव्हतं. अण्णा होते तेव्हाही नाही आणि नंतर तर तू बोलूच दिलं नाहीस. तुझ्याकडे फक्त सुरजचा शब्द होता, आणि तो रस्ता रिकामा होता. मी 'हो' म्हणाले असते तर दिव्यांच्या इंजिनिअरच्या तोंडून तूच ते लिहून घेतलं असतंस आणि तो पोरगा तुरुंगात गेला असता. शर्वरीने आधी माझं कपाट फोडलं असतं, नाहीतर मला देवळामागे बोलावलं असतं. तू यातलं काही केलं नाहीस. मी खोटं बोलणार नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर तू तो प्रश्न टाकलास. मी 'नाही' म्हणाले. वायर गंजून तुटली होती, होल्डर बदलायला हवा होता, अण्णा म्हणाले होते की बाजाराच्या दिवशी मेस्त्रीकडे टाकतो. हे सगळं सांगायची माझी तयारी होती. मला पुढच्या प्रश्नाची भीती होती: म्हणजे चूक आपल्या वडिलांचीच होती ना? मालिकेत तो प्रश्न नक्की आला असता, हात पसरून, न्यायाधीशांकडे वळून. तुला तो विचारण्याचा हक्कही होता. तू "एवढंच" म्हणालास आणि खाली बसलास.

माझी इतकी नीट तपासणी याआधी कोणी घेतली नव्हती. कामात चांगली चाचणी मी लगेच ओळखते. वस्तूला इजा न करता जेवढं कळायला हवं तेवढंच जी काढते, ती चांगली.

सुरज सुटला त्या दिवशी हनुमानकाका जेवले नाहीत. आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. मला वाटलं, भर कोर्टात मी तिच्या नवऱ्याला खाली पाडलं म्हणून. मी चाकणला परत आले, आणि पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा राधाकिशनकाका अर्ज घेऊन बसले होते. त्यात होतं की तू साक्षीआधी मला भेटलास, आपल्या ओळखीचा फायदा घेतलास, मला पढवलंस. आपली ओळख त्यांना कुठून कळली ते विचारलं नाही. गावात सगळं कळतं. मी म्हणाले, तो मला भेटलेला नाही. काका म्हणाले, "पोरी, मी तीस वरसं वकिली करतो. उत्तर ठाऊक असल्याबिगर असा उघडा प्रश्न कोणी इचारत न्हाई. मालिकेत सुदिक इचारत न्हाईत. तू सांगितलं असशील तवाच त्यानं इचारलं." हनुमानकाकांनी पेन पुढे केलं. म्हणाले, "कर सही. तुझ्या बापाला मारणाऱ्याला सोडवलंय त्यानं. त्याची लई दया यायलीय का तुला?"

मी म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं, काका. मला माहीत होतं, म्हणून त्याने मला विचारलं." ते कुणाला पटलं नाही. राधाकिशनकाका समजुतीने हसले. माझा हात टेबलावर होता आणि पेन त्याच्याजवळ. तेव्हा आई चहाचे कप घेऊन आली. कप तिने खाली ठेवले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाली, "आठ दिस मी ह्यांच्या मागं लागले व्हते, लाईट बघा, लाईट बघा. उद्या बघतो म्हणले. मला कोर्टात कोणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मलाच भ्याव वाटायलं व्हतं. हिनं सांगितलं, सुटले मी." मग हनुमानकाकांकडे वळली. "भावजी, त्या लेकराच्या पोटावर पाय देऊन हे माघारी येणार हायेत का? चहा घ्या आन् तो कागद फाडा." तोवर मला वाटत होतं की ती माझ्यावर रागावली आहे. ती स्वतःला खात होती. राधाकिशनकाकांनीच कागद फाडला. तुकडे खिशात टाकत म्हणाले, "खरंच ठाऊक न्हवतं त्याला? मग लई छातीचा हाय पोरगा." मोठ्या माणसाच्या तोंडून तुझं असं कौतुक ऐकून मी चहा घ्यायला विसरले.

हे सगळं मी तुला त्याच दिवशी सांगू शकले असते. तुझा नंबर मी पुसलेला नाही. पण निकाल लागला म्हणजे केस संपली असं नाही, हे मला तुझ्याचमुळे माहीत आहे. अपील झालं असतं तर मी पुन्हा सरकार पक्षाची साक्षीदार आणि तू पुन्हा सुरजचा वकील. त्या काळात पत्र आलं असतं तर तू ते न फोडता परत पाठवलं असतंस. काल अपिलाची मुदत संपली. सरकारने अपील केलं नाही, आईनेही केलं नाही. आज सकाळी मी तालुक्याच्या कोर्टात फोन करून खात्री करून घेतली आणि मग लिहायला बसले. आता मी कुणाची साक्षीदार नाही. तू मला भेटलास, बोललास, माझ्या शेजारी बसलास, तरी त्यात मोडण्यासारखं काही उरलेलं नाही. येत्या रविवारी मी घरी आहे. आईला सांगितलं आहे की तू येशील. ती म्हणाली, "यिऊ दे की. जेवायला काय करायचं ते इचारून ठिव." सहीच्या आधी काय लिहावं यावर मी बराच वेळ थांबले, आणि मग जे खरं आहे तेच लिहिते आहे.

तुझीच,
वैष्णवी