आता लाईट जाणार नाही

सोम. ९ फेब्रु.
गच्चीवरच्या सोलरची नोटीस आमच्या मल्टीच्या, म्हणजे बारा घरांच्या इमारतीच्या, दारात लावली. मजकूर माझा, मथळाही माझाच: 'आता लाईट जाणार नाही.' सेक्रेटरी राठौरजी वाचून खूश. "भिया, आपने तो पूरा अख़बार छाप दिया." बाराही घरांच्या सह्या झाल्या तरच फॉर्म पुढे जाणार. संध्याकाळपर्यंत नऊ.
पहिली सही खालच्या नलूवहिनींची. त्यांच्या नवऱ्याचं, वसंतरावांचं, ऑक्सिजन मशीन विजेवर. लाईट गेली की वहिनींनी धावत सिलिंडर लावायचा. व्हॉल्व्ह पान्यानं उघडायचा, तो घट्ट; मनगटं सत्तरीची. "आता त्या पान्याशी झटापट नको," म्हणाल्या.

बुध. ११
सोलरवाला पोलोग्राउंडच्या दुकानातून गच्ची मोजायला आला. जाता जाता सहज म्हणाला, लाईन गेली की सोलरही बंद. तारेवर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून.
"भर उन्हात पण?"
"धूप कितनी भी हो, अंकल. बैटरी लगाओ तो अलग बात है."
छत्तीस वर्षं पेपरच्या डेस्कवर बसून वार्ताहर पोरांना विचारत आलो, कोणी सांगितलं, पक्कं केलंस का. या वेळी मी स्वतः...
राठौरजी: "पहले साइन हो जाने दो, फिर बता देंगे." नाही म्हटलं.

गुरु. १२
पेपरात भूल-सुधार, म्हणजे चुकीची दुरुस्ती, आतल्या पानावर, बारीक अक्षरात जायची. आज दारात, नोटिशीच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावली: लाईन गेली की सोलरही बंद. खाली: चूक माझी.
त्याआधी नलूवहिनींकडे. मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पाना आहेच." मग सह्यांचा कागद मागितला आणि आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली. रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

शनि. १४
गच्चीवर सभा. वाटलं होतं, आणखी नावं कटतील. उलट राहिलेल्या तिन्ही घरांनी सही केली. बिल तर कमी होणारच ना, म्हणाले. अकरा.
नलूवहिनी कठडा धरत धरत वर आल्या. सोलरवाल्याला सरळ विचारलं, "एका मशीनपुरती बॅटरी बसेल?" बसेल म्हणाला.
मागून कोणीतरी: "और लिफ्ट?"
राठौरजी चौथ्या मजल्यावर राहतात, त्यात दमा. तेच म्हणाले, "लिफ्ट बाद में देखेंगे. पहले भाभीजी की मशीन." बुधवारचं त्यांना माफ.

सोम. १६
उद्या सकाळी अकराला सोलरवाला बॅटरी आणून दाखवणार. वहिनींच्या घरचा मेन बंद करायचा, मशीन बॅटरीवर लावायचं. सिलिंडर शेजारी तयार.
वहिनी: "चाललं तर सही. नाही चाललं तर पोहे खाऊन जा."
आतून वसंतराव, नाकात नळी: "पोहे दोन्ही वेळा आहेत."
नवी नोटीस आजच लिहून ठेवली. मथळ्याची जागा रिकामी.