निळा वर, लाल खाली

गुरुजी, तीन दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. शारजात, अल नहदाच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, मुलाच्या घरी राहतो मी आता. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओट्यावरच गार झाला. सून म्हणाली, "अब्बा, गुडघा दुखतोय ना? मग फेऱ्या कशाला मारताय?" गुडघा दुखतोयच, पण फेऱ्या त्यापायी नाहीत. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी ही गोष्ट सांगायला दुसरं कुणी सुचत नाही. कविता म्हणताना उजवा हात पाठीमागे, मान ताठ आणि अर्ध्यावर खाली बसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

या गुडघ्यासाठी मी आठवड्यातून दोनदा मागच्या रस्त्यावरच्या क्लिनिकात जातो. तिथे व्यायाम करून घेणारी बाई फिलिपिन्सची आहे. चाळिशीची, ठेंगणी, पण हाताची पकड आपल्या बंदरावरच्या खलाशासारखी. मला 'टाटाय' म्हणते. तिच्याकडे बापाला तसं म्हणतात. "टाटाय, बेंड. मोर. डोन्ट चीट." दुखणं विसरायला मी तुम्ही पाठ करून घेतलेल्या कविता पुटपुटतो. ती विचारते, "प्रेअर?" मी म्हणतो, "ऑलमोस्ट." मग ती हसते आणि गुडघा आणखी वाकवते.

सोमवारी क्लिनिकचा वाढदिवस होता. जितक्या देशांची माणसं तिथे कामाला, तितके झेंडे हॉलमध्ये लावायचे आणि ज्यानं त्यानं आपलं राष्ट्रगीत म्हणायचं, असं ठरलं होतं. मी नेहमीसारखा वेळेआधी पोचलो. तिच्या हातात झेंड्यांचा गठ्ठा, तिकडे पेशंट हाका मारतोय. मी म्हटलं, "दे इकडे. शाळेत झेंडा मीच बांधायचो." बांधायचो ना, गुरुजी? तुम्ही खांबापाशी उभे आहात, धोतराचा सोगा हातात, आणि म्हणताय, "केशरी वर, लेका, केशरी वर." तिनं तिचा झेंडा माझ्याच हातात दिला. एक पट्टा निळा, एक लाल, कडेला पांढऱ्या त्रिकोणात सूर्य. लाल म्हणजे केशरीचा चुलतभाऊच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. लाल वर केला आणि तुमची ती दुहेरी गाठ मारली.

तिची पाळी आली तेव्हा हॉल भरलेला. ती पुढे गेली, आणि रिसेप्शनवरची तिच्याच देशाची मुलगी तोंडावर हात ठेवून ओरडली, "रेड अप! दॅट्स वॉर!" त्यांच्यात लाल वर केला की देश लढाईत आहे असा अर्थ होतो म्हणे. मग आपल्या चिपळूणकडचे एक गृहस्थ, माझ्याच शेजारी बसलेले, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले, "मॅडम, जंग किससे है? पहले हमारी मेड को बोलो, पोछा तो खतम करे!" इथे घरकामाला बहुतेक तिच्याच देशाच्या बायका असतात. हॉल हसला. लोकांनी फोन वर केले. मी खाली बघत होतो.

मॅनेजरनं विचारलं, "किसने लगाया ये?" ती म्हणाली, "माय मिस्टेक, सर." म्हणाला, उद्या लेखी दे. ती "ओके, सर" म्हणाली, स्टुलावर चढली आणि गाठ सोडायला लागली. सुटेना. तुमची गाठ ती, कशी सुटेल? तिनं नखं लावली, दात लावले, लोक बघतच होते. शेवटी निळा वर गेला. तेवढ्यात स्पीकर बंद पडला, तर उजवा तळवा छातीवर ठेवून ती संगीताशिवायच गायली. मध्ये आवाज फाटला. ती थांबली, श्वास घेतला आणि तिथूनच पुढे गेली. शेवटपर्यंत.

आणि मला तुम्ही दिसता. शहरातून शाळा तपासायला आलेले साहेब पहिल्या बाकावर, तुम्ही आपल्या खाडीवर स्वतः केलेली कविता म्हणताय, आपल्याच बोलीच्या हेलात. साहेब मध्येच म्हणतात, "गुरुजी, ही कविता की मासळीबाजारातली आरोळी?" सगळा वर्ग हसतो. तुम्ही पाण्याचा घोट घेता आणि म्हणता, "साहेब, अजून दोन कडवी आहेत." आणि दोन्ही म्हणता.

आज गुरुवार. सकाळी फेऱ्या मारून थकलो आणि गेलो एकदाचा. आधी मॅनेजरकडे. "झेंडा मी बांधला होता. तिच्याकडून लेखी घेऊ नका." तो खुर्चीतून उठला, मला पाणी दिलं. "अरे अंकल, आप टेन्शन मत लो. बुजुर्ग आदमी हो. खलास." मला खलास एका वाक्यात, आणि तिचा कागद तिथेच टेबलावर पडलेला, चार ओळी, खाली सही. मी तो उचलला आणि म्हटलं, "तो फिर ये भी खलास?" त्यानं मान डोलावली. कागद आता माझ्या खिशात आहे.

मग आत गेलो. तिला म्हटलं, "ते माझ्या हातून झालं."

"आय नो, टाटाय," ती म्हणाली आणि इथेच शिकलेल्या हिंदीवर आली. "फ्लॅग मैंने ही दिया था ना."

"मग बोलली का नाहीस?"

"सब हँस रहे थे. हँसने के लिए एक आदमी काफी है." तिनं माझ्या पोटरीखाली हात घातला. "आपका नाम बोलती तो दो हो जाते. नाउ बेंड."

मी पुटपुटायला लागलो तर एकही ओळ आठवेना. पहिल्यांदाच.

हे पत्र मी तिच्या कागदाबरोबर घडी करून ठेवणार आहे. तुमचा पत्ता तर कुणाकडेच नाही. फक्त वर एक अर्धवट लिहिलंय, ते तिलाही सांगितलेलं नाही. चिपळूणवाले बोलले तेव्हा मी खाली बघत होतो, हे खरं. खाली बघून हसत होतो, गुरुजी. आणि तुमच्या वर्गात त्या दिवशी पहिलं हसू फुटलं, तेही माझंच होतं.