आठ बाइट सोडून

१२ ऑक्टोबर २००८

नाही! उगाच संशय घेत नाहीये मी. तू वही आहेस, त्यांची वकील नाहीस. ऐक आधी.

स्तामेनकाका सीडी बांधतात, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र करून ती तयार करतात. आत काय काय घालायचं ते मी बघते. लिनक्सची सीडी — घातली, मशीन सुरू केलं, झालं. साठ गावांच्या वाचनघरांत जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, ते यावर चालतील. एक नोव्हेंबरच्या सणाआधी वाटायच्यात, तो आपल्याकडे शिक्षकांचा, पुस्तकवाल्यांचा दिवस.

आज त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे सीडी बांधायच्या आज्ञांची यादी, वाचली. पहिलीच ओळ विचित्र. बूट फाइल — जिच्यामुळे सीडी सुरू होते ती — आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करतात. सीडी बांधतात त्या कॉपीवरून. मग कॉपी पुसून टाकतात! मूळ फाइल समोर असताना?

विचारलं तर म्हणाले, "सवय आहे गं." आणि चीज भरलेल्या बनित्साचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. तोंड भरलं की बोलावं लागत नाही.

१४ ऑक्टोबर

ती ओळ काढून टाकली. आता सीडी थेट मूळ फाइलवरून. त्यांना सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर

सापडलं!!

प्रत्येक फाइलची पडताळणीची संख्या मी आधीच काढून ठेवली होती. फाइलमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ती संख्या बदलते. आज सीडी बांधून झाल्यावर सगळ्या फाइली पुन्हा तपासल्या. सगळ्या जुळल्या, एक सोडून. बूट फाइल. उघडून बघितली — पहिले आठ बाइट सोडले की पुढे नवे आकडे. कोणीतरी आत लिहून गेलंय.

ऐंशीच्या दशकात आपल्या देशात काय शिजत होतं, ते आम्हाला शाळेतसुद्धा माहीत होतं. हुशार इंजिनियर, हाताला काम नाही, डोक्यात मस्ती — अर्ध्या जगाच्या डिस्कवर बल्गेरियाचे व्हायरस. आणि ते बसायचे कुठे? डिस्कच्या अगदी सुरुवातीला. स्तामेनकाका तेव्हा कॉम्प्युटरच्या कारखान्यात होते. गोष्ट लिहायची म्हटलं तर खलनायक आयता मिळाला.

आमचं वाचनघर चालवणाऱ्या गेनामावशीला सांगितलं. ती हसलीच. "स्तामेन? अगं, तो माझ्या मांजरीला विचारून खुर्चीवर बसतो!"

असेच असतात ते, मावशी.

१८ ऑक्टोबर

मूळ फाइल नव्याने उतरवून घेतली. सीडीत शब्दकोश वाढवला, पुन्हा बांधली. फाइल पुन्हा बदलली! चार आकडे लिहिलेत. तीन मागच्या वेळचेच, एक वेगळा. आणि त्यातला एक आकडा म्हणजे फाइलची लांबी — बरोब्बर तेवढीच! घरात शिरून माप घेऊन जाणारा हा कसला चोर?

१९ ऑक्टोबर

सगळ्यांसमोर विचारलं. गेनामावशी आणि सीडीच्या कामातले आमचे आठजण.

"काका, मूळ फाइलमध्ये कोण लिहितंय?"

"मूळ फाइलमध्ये?" ते स्क्रीनवर वाकले. स्क्रिप्ट वरपासून वाचली. "कॉपीची ओळ कुठे गेली?"

"विषय बदलू नका."

"काढलीस?"

"चोरवाट होती तुमची. बुजवली."

मागून कोणीतरी बोललं, "काका, जुना धंदा आठवला वाटतं!" हसले सगळे. मीही.

काकांनी खिशातून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली काढली, ताकासारख्या आयरानच्या ग्लासाशेजारी ठेवली. "एकोणीस वर्षं हेच ऐकतोय. कुठे काही बिघडलं, की स्तामेनला विचारा."

"बस रे, स्तामेन," मावशी म्हणाली.

बसले नाहीत.

२१ ऑक्टोबर

किल्ली माझ्याकडे. नेटची वायर काढली. मूळ फाइल नवी. दार आतून बंद. सीडी बांधली.

फाइल बदलली. खोलीत मी. फक्त मी.

२२ ऑक्टोबर

स्क्रिप्टचा शब्द न् शब्द वाचला. एका जागी लिहिलंय — 'बूट माहितीचा तक्ता'. हाच तो! काढला. बांधली. फाइल जशीच्या तशी!! नाचले मी. मग सीडी जुन्या मशीनमध्ये घातली. काळ्या पडद्यावर चूक झाल्याची एक ओळ आली. पुढे काही नाही. थिजलं.

तेव्हा कुठे माहितीपुस्तिका उघडली. आधी उघडली असती तर.

मशीन सुरू होताना बूट फाइलचा पहिला तुकडाच वाचतं. बाकीची फाइल कुठे आहे, केवढी आहे, हे त्या तुकड्याला कळणार कसं? म्हणून सीडी बांधतानाच बांधणारा प्रोग्राम हा तक्ता फाइलमध्ये लिहितो. सीडीवर ती कुठे आहे, लांबी, पडताळणीची बेरीज. शब्दकोश वाढवला तेव्हा फाइल पुढे सरकली, म्हणून तो एक आकडा बदलला. लहान पोराच्या कोटात घरचा पत्ता शिवतात ना, तसं.

आणि खाली स्पष्ट लिहिलंय: तक्ता मूळ फाइलमध्येच लिहिला जातो, म्हणून आधी कॉपी करून घ्या.

सवय आहे गं.

२३ ऑक्टोबर

आठही जणांना फोन केले. ओळ मीच काढली, चूक माझी. "बरं बरं," म्हणाले. तिघांनी वर विचारलं, "पण नक्की काही नव्हतं ना?"

काकांना फोन केला नाही. आकडे दाबले, ठेवून दिला.

२५ ऑक्टोबर

गेनामावशीने बुटांचा खोका पुढे केला. साठ सीड्या. काकांनी घरी बसून बांधल्या — त्यांच्या पद्धतीने, कॉपीवरून. सकाळी देऊन गेले. मावशी म्हणाली, "वाटू ना गं?"

"वाटा," म्हणाले मी. ती चहा करायला आत गेली.

आणि मी खोका ओढून बसले. एकेक सीडी घातली, एकेक फाइल तपासली. सगळं कळलेलं असताना! सगळी दुपार गेली. बूट फाइलमधला तो तक्ता सोडला तर साठच्या साठ जुळल्या.

शेवटची बाहेर काढताना मान वर केली. दारात स्तामेनकाका. कधीपासून उभे होते, माहीत नाही. मी किल्ली खोक्यावर ठेवली आणि ते तोंड उघडायच्या आत त्यांच्या शेजारून बाहेर पडले.